पत्ता सांगणारा कोण? : इंटरनेटवरच्या नावांचा आणि विश्वासाचा इतिहास

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय जाहीर झाल्यावर मला दोघा-तिघांचे फोन आले. 'सर, जन्मभर तुम्ही न्याय-मीमांसा शिकवलीत, हे संगणकाचं मध्येच कुठून काढलंत?' तर त्याला कारण झाली एक रात्र.

तीनेक वर्षांपूर्वी माझ्या पत्नीच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या होत्या. रिपोर्ट संकेतस्थळावर बघा, असं सांगितलं होतं. रात्री साडेदहाला मी बसलो. संकेतस्थळ उघडेना. दुसरं उघडून पाहिलं, तेही उघडेना. गंमत अशी की पुतण्याशी व्हॉट्सॲपवर बोलणं मात्र चालू होतं. म्हणजे तार जिवंत होती. तो म्हणाला, 'काका, नेट गेलेलं नाही. तुमच्या नेटवाल्याचा डीएनएस झोपलाय. सेटिंगमध्ये जा आणि चार वेळा आठ घाला.' मी घातले. आठ टिंब आठ टिंब आठ टिंब आठ. आणि सगळं उघडलं. रिपोर्ट ठीक होते. पत्नी झोपली, मी जागा राहिलो.

जागा का राहिलो? इतकी वर्षं माझ्या संगणकाला कोणीतरी पत्ते सांगत होतं, ते कोण हे मला माहीत नव्हतं. आता दुसरंच कोणीतरी सांगू लागलं, तेही मला माहीत नव्हतं. आणि दोघांवरही मी डोळे झाकून विश्वास टाकला होता, तोही घरच्या माणसाच्या तब्येतीच्या बाबतीत. दुसऱ्याच्या शब्दावरून आपल्याला जे ज्ञान होतं, त्याला आपल्याकडे शब्दप्रमाण म्हणतात. मी ते आयुष्यभर वर्गात शिकवलं. पण माझ्या घरातल्या खोक्यात ते दिवसातून शेकडो वेळा घडतंय, याचा मला पत्ताच नव्हता.

म्हणून आज या इतिहासाला आपण तीन प्रश्न विचारणार आहोत. नावं कोण जपतं? विचारायचं कोणाला? आणि त्याने सांगितलेलं खरं कशावरून?

एका कार्यालयातली यादी

आधी अडचण समजून घेऊ. संगणकाला दुसरा संगणक ओळखता येतो तो आकड्यांनी. त्याला आयपी पत्ता म्हणतात. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, नावं राहतात. मग नाव आणि आकडा यांची जोडी कुठेतरी लिहून ठेवावी लागते.

१९६९ च्या अखेरीस अमेरिकेत आर्पानेट सुरू झालं तेव्हा त्याला चार ठिकाणं जोडलेली होती. चार नावं पाठ करायला काय लागतं? पण ठिकाणं वाढली. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क इथे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट नावाची संस्था होती. तिथल्या माहिती केंद्रात एक यादी ठेवायला सुरुवात झाली. त्या केंद्राच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. सगळे त्यांना 'जेक' म्हणत. १९७२ पासून १९८९ पर्यंत त्यांनी हे काम पाहिलं. तुम्हाला जाळ्यावर नवा संगणक आणायचा असेल तर काय करायचं? कॅलिफोर्नियाच्या कामाच्या वेळेत त्यांच्या कार्यालयाला कळवायचं. नाव मोकळं आहे का ते बघून त्या यादीत घालत. मग जगभरातले, म्हणजे तेव्हाचं जग तेवढंच, सगळे संगणक अधूनमधून ती यादी उतरवून घेत. यादी म्हणजे एक साधी मजकुराची फाइल होती.

ही व्यवस्था आज भाबडी वाटते. पण एक लक्षात घ्या, तिच्यात तिसरा प्रश्न उपस्थितच होत नव्हता. यादी खरी कशावरून? तर जेकबाईंनी केली म्हणून. फोन उचलणारा माणूस ओळखीचा होता. न्यायशास्त्रात आप्त म्हणतात तो हाच. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे हो, मराठीत आपण तो अर्थ केला. आप्त म्हणजे ज्याला विषय नीट माहीत आहे आणि जो तो आहे तसा सांगतो.

पण एकच आप्त किती जणांना पुरणार? १९८१ च्या ऑगस्टमध्ये जाळ्यावर २१३ संगणक होते. १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये ते १,०२४ झाले. १९८९ मध्ये दीड लाखाच्या वर गेले. यादी फुगली. ती रोज बदलू लागली आणि तुमच्याकडची प्रत नेहमीच शिळी असू लागली. शिवाय सगळी नावं एकाच पातळीवरची. एका विद्यापीठाने एखादं सोपं नाव घेतलं की ते बाकी साऱ्या जगाला बंद.

नाशिकच्या वह्या

१९८३ मध्ये यावर तोडगा निघाला. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत जॉन पोस्टेल नावाचे गृहस्थ होते. दाढी वाढलेली, पायात सँडल, एखाद्या ऋषीसारखी मूर्ती. जाळ्यावरच्या आकड्यांचं वाटप ते बघत. त्यांच्याकडे नावांबद्दल पाच वेगवेगळे प्रस्ताव आलेले होते. त्यांनी ते आपल्या तरुण सहकाऱ्याला, पॉल मॉकापेट्रिसला दिले आणि यांतून काहीतरी मधला मार्ग काढ, असं सांगितलं. मॉकापेट्रिसने पाचही बाजूला ठेवले आणि स्वतःची सहावी पद्धत मांडली. जून १९८३ मध्ये तिची पहिली यशस्वी चाचणी झाली आणि नोव्हेंबरमध्ये तिचे दोन मसुदे प्रसिद्ध झाले. हीच ती डोमेन नेम सिस्टिम, डीएनएस.

ही पद्धत समजून घ्यायला मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो नाशिकचा.

१९७८ साली वडिलांच्या अस्थी घेऊन मी रामकुंडावर गेलो होतो. आमच्या घरातलं त्या आधी कोणी गेलं असलं तरी मला काही ठाऊक नव्हतं. टांग्यातून उतरतो न उतरतो तोच एकाने विचारलं, 'कुठले?' म्हटलं, 'सातारा जिल्हा.' तो म्हणाला, 'तिकडे, त्या गल्लीत विचारा.' त्या गल्लीत विचारलं गेलं, 'आडनाव काय? गाव कोणतं?' सांगितलं. 'मग तुमचे उपाध्ये ते पलीकडच्या वाड्यात.' तिथे गेलो. त्या गृहस्थांनी लाल कापडात बांधलेली वही काढली, पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं. तिथे माझ्या पणजोबांचं नाव होतं. गाव, भाऊबंद, मुलगे, आणि खाली आजोबांची मोडीतली सही.

आता यातली रचना बघा. सगळ्या महाराष्ट्राची एकच वही नाशिकात कुठेही नाही. पहिल्या माणसाला माझे पणजोबा माहीत नव्हते, सातारा कुठे ते माहीत होतं. दुसऱ्याला पणजोबा माहीत नव्हते, आडनाव आणि गाव कोणाकडे ते माहीत होतं. प्रत्यक्ष नोंद फक्त शेवटच्याकडे. आणि नवा मुलगा जन्माला आला तर एकाच वहीत एक ओळ वाढवायची. बाकी कोणाला कळवायची गरजच नाही.

मॉकापेट्रिसची पद्धत अगदी हीच आहे. नाव उजवीकडून डावीकडे वाचायचं. समजा एखाद्या कॉलेजचं नाव शेवटी 'डॉट इन' असं आहे. तर आधी मूळ सर्व्हरला विचारायचं. तो म्हणतो, मला कॉलेज माहीत नाही, पण 'इन'वाले कुठे बसतात ते हे बघ. 'इन'वाले म्हणतात, कॉलेज आम्हाला माहीत नाही, पण त्या भागाची वही अमक्याकडे. असं करत करत शेवटच्या वहीपाशी पोचायचं. तिथे खरा आकडा मिळतो. मिळालेल्या उत्तरावर मुदत लिहिलेली असते, इतके सेकंद हे लक्षात ठेव, मग विसर आणि पुन्हा विचार. त्यामुळे दर वेळी मुळापासून फिरावं लागत नाही.

हे मूळ सर्व्हर नावाने तेरा आहेत. रोमन लिपीतल्या पहिल्या तेरा अक्षरांवरून त्यांना ओळखतात. तेराच का? त्यात काही गूढ नाही. त्या काळी एक उत्तर ५१२ बाइटांच्या एका पाकिटात बसवायचं होतं आणि तेवढ्यात तेराच पत्ते नीट बसत होते. आज त्या तेरा नावांमागे जगभर हजारांहून जास्त यंत्रं उभी आहेत.

आपल्या 'डॉट इन'ची गोष्टही इथेच सांगतो. ते १९८९ साली अस्तित्वात आलं आणि त्याची वही बरीच वर्षं मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संस्थेत होती. नियम इतके कडक होते की २००४ पर्यंत जेमतेम सात हजार नावं नोंदली गेली. २००५ च्या सुरुवातीला नियम सैल झाले आणि हे काम निक्सी या संस्थेकडे गेलं.

मुळाचा मालक कोण?

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. नावं कोणी एक जण जपत नाही, सगळे वाटून जपतात. पण वाटणीलाही मूळ असतंच. त्या मुळाची वही कोणाची?

२८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी मूळ सर्व्हर चालवणाऱ्या बारा जणांपैकी आठ जणांना एक पत्र पाठवलं. सरकारी कंत्राटदार कंपनीच्या यंत्रावरून मुळाची प्रत घ्यायची सोडा, माझ्या यंत्रावरून घ्या, एवढंच त्यात होतं. आठही जणांनी मुकाट्याने ते केलं. कायद्याचा आधार नाही, हुकूम नाही. पोस्टेल म्हणतायत ना, मग झालं! जगाच्या नावांच्या मुळापैकी मोठा हिस्सा एका माणसाच्या शब्दावर इकडून तिकडे गेला. वॉशिंग्टनमध्ये धावपळ उडाली. त्यांच्यावर दबाव आला आणि त्यांनी सगळं पूर्ववत केलं. ती चाचणी होती, असं ते म्हणाले. त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी आयकॅन ही संस्था स्थापन झाली आणि १६ ऑक्टोबरला पोस्टेल वारले. आप्तपुरुषाचा काळ संपला आणि संस्थेचा काळ सुरू झाला. मला हा प्रसंग नेहमी हलवून जातो. विश्वास माणसावर असतो तोवर तो बिनबोभाट चालतो, पण त्या माणसामागे तो टिकवायचा तर कागदपत्रं लागतात, समित्या लागतात.

विचारायचं कोणाला?

आता दुसरा प्रश्न, आणि आजच्या विषयाचा गाभा.

रामकुंडावर तीन ठिकाणी मी स्वतः फिरलो. तुमचा मोबाइल असा फिरत नाही. तो एका जाणत्याला गाठतो आणि म्हणतो, 'बाबा, तूच फिरून ये आणि मला शेवटचं उत्तर सांग.' या जाणत्याला रिझॉल्व्हर म्हणतात. वह्या ठेवणारे वेगळे आणि हा वेगळा, हे नीट लक्षात ठेवा. याच्याकडे स्वतःची वही नाही. हा नुसता विचारून येणारा. पण तुमचा सगळा संबंध येतो तो याच्याशीच.

सुरुवातीला हा जाणता कोण, हा प्रश्नच नव्हता. ज्याची तार त्याचा जाणता. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट खुलं केलं. त्यानंतर काही वर्षांनी आमच्याकडे मोडेम आला. तो बसवणाऱ्या मुलाने दोन लांबलचक आकडे माझ्या डायरीत लिहून दिले आणि बजावलं, 'सर, हे पुसू नका, नाहीतर काही उघडणार नाही.' ते दोन आकडे म्हणजे रिझॉल्व्हरचे पत्ते. मला वाटलं, असेल काहीतरी पासवर्डसारखं!

पण तारवाल्याच्या जाणत्यात दोष शिरू लागले. कुठे तो मंद, कुठे बंद पडणारा. आणखी एक वाईट खोड लागली. तुम्ही नाव चुकीचं लिहिलंत तर प्रामाणिक उत्तर काय? 'असं नाव नाही.' त्याऐवजी अनेक कंपन्या तुम्हाला जाहिरातींच्या पानावर नेऊ लागल्या. सप्टेंबर २००३ मध्ये तर 'डॉट कॉम'ची वही सांभाळणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीने वहीच्या पातळीवरच हा प्रकार केला. जे नाव अस्तित्वातच नाही, त्यालाही त्यांच्या पानाचा पत्ता मिळू लागला. इतका गदारोळ झाला की तीन आठवड्यांत त्यांना ते थांबवावं लागलं. आमच्या शास्त्रात अभाव हाही एक पदार्थ मानलाय. 'नाही' हेसुद्धा ज्ञान आहे. 'नाही' म्हणायच्या जागी भलतंच काही दाखवणं म्हणजे सरळ सरळ खोटं बोलणं.

म्हणून तारवाल्याला वगळून दुसऱ्या कोणाला विचारता येईल का, ही कल्पना पुढे आली. सार्वजनिक रिझॉल्व्हर, म्हणजे जगातल्या कोणीही विचारावं आणि त्याने सांगावं. २००६ मध्ये ओपन-डीएनएस सुरू झालं. अर्थात चुकीच्या नावावर जाहिराती दाखवूनच तेही बराच काळ पैसे मिळवत होतं, हे सांगायला हवं. ३ डिसेंबर २००९ रोजी गुगलने आपला रिझॉल्व्हर खुला केला. पत्ता लक्षात राहावा म्हणून ८.८.८.८. नोव्हेंबर २०१७ मध्ये ९.९.९.९ आला, क्वाड-नाइन. तो ना-नफा तत्त्वावर चालतो, फसव्या संकेतस्थळांचे पत्ते सांगायला नकार देतो आणि २०२१ पासून त्याचं मुख्य ठाणं स्वित्झर्लंडमध्ये आहे. १ एप्रिल २०१८ ला क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ आला. अमेरिकन पद्धतीने महिना आधी लिहिला तर ती तारीख चार-एक होते, चार वेळा एक, म्हणून तो मुहूर्त.

हे सगळं फुकट. फुकट का, हे पुढे बघू. आधी एक प्रसंग सांगतो. पत्ता सांगणाऱ्याची निवड ही राजकीय गोष्ट असते, हे त्यावरून कळतं.

मार्च २०१४. तुर्कस्तानात स्थानिक निवडणुका दहा दिवसांवर आलेल्या. २० मार्चच्या रात्री सरकारने ट्विटर बंद केलं. बंद केलं म्हणजे काय? तारा तोडल्या नाहीत. देशातल्या कंपन्यांच्या रिझॉल्व्हरांना सांगितलं, हे नाव कोणी विचारलं तर खरा पत्ता देऊ नका. लोकांनी काय करावं? इस्तंबूलच्या भिंतींवर रंगाच्या फवाऱ्याने आकडे उमटले, ८.८.८.८ आणि ८.८.४.४. एकाने दुसऱ्याला सांगितलं, इथे विचारा, हा खरं सांगतो. भिंतीवर घोषणा लिहिलेल्या आपण पाहिल्यात, पण रिझॉल्व्हरचा पत्ता घोषणा होऊन भिंतीवर आलेला इतिहासात क्वचितच दिसेल.

पण गोष्ट इथे संपत नाही. सरकारने मग ट्विटरच्या आकड्यांवरच बंदी घातली. आणि २९ मार्चला गुगलने जाहीर केलं की तुर्कस्तानातल्या बहुतेक इंटरनेट कंपन्यांनी गुगलच्या रिझॉल्व्हरचं सोंग घेतलेली यंत्रं उभी केली आहेत. म्हणजे तुम्ही चार आठांनाच विचारताय, उत्तरही चार आठांच्याच नावाने येतंय, पण बोलणारा वेगळा! एप्रिलच्या सुरुवातीला तिथल्या घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला आणि ट्विटरवरची बंदी उठली.

खरं कशावरून?

आता तिसरा प्रश्न टाळता येत नाही. उत्तर आलं. ते खरं कशावरून?

आपल्याकडे यावर शतकानुशतकं वाद झालेला आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान झालं की ते स्वतःच प्रमाण असतं. ते खोटं ठरवणारं काही पुढे येईपर्यंत खरंच मानायचं. हे स्वतःप्रामाण्य. नैयायिक म्हणतात, नाही, ज्ञानाचं खरेपण दुसऱ्या कशावरून तरी तपासून घ्यावं लागतं. हे परतःप्रामाण्य. परीक्षेला हा प्रश्न हमखास असायचा आणि मुलं हमखास उलटसुलट लिहायची!

१९८३ चं डीएनएस पूर्णपणे मीमांसकांच्या बाजूचं होतं. उत्तर आलं, ते खरं. तपासणी एवढीच की प्रश्नावर जो क्रमांक टाकला होता तोच उत्तरावर आहे ना. हे क्रमांक सगळे मिळून ६५,५३६. म्हणजे एखाद्या भामट्याने खऱ्या उत्तराच्या आधी, अंदाजाने बरोबर क्रमांक टाकून खोटं उत्तर पोचवलं तर रिझॉल्व्हर ते खरं मानणार, मुदत संपेपर्यंत लक्षात ठेवणार आणि हजारो लोकांना सांगत राहणार. सगळ्यांना वाटे, एवढी संधी कोणाला मिळणार? एकदा अंदाज चुकला की खरं उत्तर जाऊन बसतं.

२००८ मध्ये डॅन कॅमिन्स्की या तरुण तज्ज्ञाच्या लक्षात आलं की संधी एकदाच मिळते हे खरं नाही. अस्तित्वात नसलेली नावं एकामागून एक विचारत राहायचं. दर नावाला नवी संधी. आणि खोट्या उत्तरात हळूच जोडून द्यायचं, 'या सगळ्या भागाची वही माझ्याकडे आहे बरं का.' काही सेकंदांत अख्खी बँक, अख्खी टपालव्यवस्था तुमच्या दारात वळवता येईल. त्याला हे विकता आलं असतं. त्याने ते जबाबदार लोकांच्या कानावर घातलं. मार्चच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टच्या आवारात सोळा तज्ज्ञ गुपचूप जमले आणि ८ जुलै २००८ रोजी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या अनेक कंपन्यांनी एकाच दिवशी दुरुस्ती बाहेर काढली. ती तात्पुरती होती. अंदाज करणं फार अवघड केलं, एवढंच.

खरा उपाय नैयायिकांचा. उत्तराबरोबर सही पाहिजे. नाशिकच्या उपाध्यांवर मी विश्वास का ठेवला? टांगेवाल्याने तिकडे पाठवलं म्हणून नाही. त्यांच्या वहीत माझ्या आजोबांची सही होती म्हणून. डीएनएसमध्ये ही सोय आली, तिला डीएनएससेक म्हणतात. प्रत्येक वहीवाला आपल्या नोंदीवर गणिती सही करतो आणि त्याच्या सहीची ओळख वरचा वहीवाला पटवतो. १५ जुलै २०१० रोजी मुळावर सही झाली. गुगलचा रिझॉल्व्हर २०१३ पासून या सह्या तपासतो.

आता तुमच्यातला कोणीतरी चिकित्सक म्हणेल, वरच्याची ओळख त्याच्या वरच्याने पटवली, त्याची त्याच्या वरच्याने, मग सगळ्यात वरच्याची कोणी पटवली? शाबास! यालाच आम्ही अनवस्था म्हणतो. परतःप्रामाण्यावरचा हा जुना आक्षेप आहे. तंत्रज्ञांनी त्याचं उत्तर ग्रंथात शोधलं नाही, त्यांनी विधी निर्माण केला. अमेरिकेत दोन ठिकाणी, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला, कडेकोट खोल्यांमध्ये मुळाची किल्ली ठेवलेली आहे. वर्षातून साधारण चार वेळा वेगवेगळ्या देशांतले विश्वासू प्रतिनिधी जमतात, तिजोऱ्या उघडतात, प्रत्येक पायरी मोठ्याने वाचून दाखवतात आणि सगळं जगाला थेट दाखवलं जातं. शेवटी काय, साखळीचं टोक पुन्हा माणसांच्याच हातात. फक्त आता पोस्टेल एकटे नाहीत, बरेच साक्षीदार आहेत.

फुकट का?

मगाशी राहिलेला प्रश्न. पत्ते फुकट का सांगतात?

तुम्ही कुठे काय बोललात हे रिझॉल्व्हरला कळत नाही. पण तुम्ही कोणाचा पत्ता विचारलात हे कळतं. त्या रात्री मी प्रयोगशाळेचा विचारला. कोणी रात्री दोन वाजता कर्जवसुलीच्या वकिलाचा विचारतो, कोणी व्यसनमुक्ती केंद्राचा. नुसत्या पत्त्यांच्या यादीवरून माणूस उभा करता येतो. गुगल म्हणतं, विचारणाऱ्याचा पत्ता आम्ही दोन दिवसांत पुसतो. इतरांचीही अशी आश्वासनं आहेत. मी त्यांना खोटं म्हणत नाही. पण आश्वासन आणि प्रमाण यांत फरक आहे.

२०१८ मध्ये प्रश्न-उत्तरं कुलूपबंद पाकिटातून पाठवायची पद्धत प्रमाणित झाली. तारवाल्याला आता तुम्ही काय विचारलंत ते दिसत नाही. छान! पण जाणत्याला दिसतंच. म्हणजे गुपित नाहीसं झालं नाही, एका दारातून दुसऱ्या दारात गेलं. आणि पूर्वी ही दारं हजारो होती, आता मोजक्या मोठ्यांकडे गर्दी होते आहे. १४ जुलै २०२५ ला १.१.१.१ जगभर सुमारे तासभर बंद पडला. लाखो लोकांना वाटलं, इंटरनेटच गेलं. जेकबाईंच्या एका यादीपासून सुटका व्हावी म्हणून मॉकापेट्रिसने नावं वाटून टाकली. वह्या अजून वाटलेल्याच आहेत, पण विचारणारे आपण सगळे पुन्हा चार-दोन दारांशी जमलो आहोत.

जाता जाता नावांबद्दल एक. २७ ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' मिळतं. मराठी, कोकणी, हिंदी धरून आठ भाषांसाठी ती सोय आहे. तुम्ही मराठीत नाव लिहा, आत मात्र ते रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपातच फिरतं. कोणाला यात कमीपणा वाटेल. मला नाही वाटत. शब्द आणि अर्थ यांचं नातं नित्य आहे असं मीमांसक म्हणत, संकेताने ठरतं असं नैयायिक म्हणत. वेबसाइटला 'संकेतस्थळ' हा शब्द ज्याने काढला, त्याने नकळत नैयायिकांना मत दिलं. नाव आणि आकडा यांचं नातं आपण ठरवलं म्हणून आहे. आणि ठरवलेल्या गोष्टीवर लक्ष ठेवावं लागतं, ती आपोआप टिकत नाही.

प्रश्नोत्तरातून

श्रोता : सर, मग आम्ही घरी नक्की काय करावं? चार आठ घालावेत की नाही?

उत्तर : घाला किंवा नका घालू, पण माहीत करून घ्या. आज घरी गेल्यावर मुलाला, नातीला विचारा, आपल्या घरात पत्ता कोण सांगतो? तारवाल्याचाच चांगला चालत असेल तर असू दे. तो जाहिरातींकडे वळवत असेल, मंद असेल, तर बदला. एक बंद पडला तर दुसरा हाताशी असावा, म्हणून दोन वेगवेगळ्या संस्थांचे आकडे डायरीत लिहून ठेवा. मी ठेवलेत, त्या मोडेमवाल्या मुलाने लिहून दिलेल्या आकड्यांच्या खालीच. आणि पत्ता बरोबर मिळाला म्हणजे माणूस बरोबर मिळाला, असंही समजू नका. फसवणारा स्वतःच्या नावाने दुकान मांडून बसला असेल, तर त्याचा पत्ता कोणताही प्रामाणिक जाणता बरोबरच सांगेल. विश्वास टाकल्याशिवाय जगता येत नाही, हे मी वयाच्या पंच्याहत्तरीत तुम्हाला नव्याने काय सांगू! कोणावर टाकला, एवढं मात्र ठाऊक असावं.